मदतनीस कुत्र्याचं पिल्लू कोकणातल्या घरात वाढवताना

अंध माणसाला वाट दाखवणं, व्हीलचेअरवरच्या माणसाला खाली पडलेली किल्ली उचलून देणं, ऐकू न येणाऱ्याला दाराची बेल वाजल्याचं कळवणं ही कामं कुत्रा प्रशिक्षण केंद्रात शिकतो. पण त्याआधी, साधारण आठव्या आठवड्यापासून बाराव्या ते अठराव्या महिन्यापर्यंत, तो कुणाच्या तरी घरी वाढतो. हे घर स्वयंसेवकाचं असतं. तिथे कुत्र्याला किल्ली उचलायला शिकवायची नसते. त्याने योग्य जागी शी-शू करावी, गोंगाटात बिथरू नये, एका जागी गप्प पडून राहावं आणि वाटेत दिसेल ते तोंडात घेऊ नये, एवढंच या घराकडून अपेक्षित असतं.

कोकण किनाऱ्यावर यातलं शेवटचं सगळ्यात जड जातं. दांडीवर सुकत घातलेले बांगडे, जेट्टीवर सांडलेली कोळंबी, रापणीतून, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या जाळ्यातून, फेकून दिलेले मासे, अंगणात पसरलेली सुपारी, असं सगळं नाकाच्या पातळीवर पडलेलं असतं. तीस किलोचा कुत्रा एका बांगड्यासाठी झेपावला, तर हार्नेस धरलेला अंध माणूस जेट्टीवर तोंडघशी पडेल. म्हणून या लेखात जास्त जागा या एका सवयीला दिली आहे.

हो म्हणण्याआधी

आपल्याकडे अशी पिल्लं देणाऱ्या संस्था मोजक्या आहेत, त्यामुळे मिळेल त्या अटी मान्य करण्याकडे कल होतो. तसं करू नका. करार लेखी घ्या आणि त्यात काही गोष्टी स्पष्ट करून घ्या. खाणं, लसी, औषधं आणि रात्री-अपरात्रीचा दवाखाना यांचा खर्च कोणाचा? तुम्ही चार दिवस परगावी गेलात तर पिल्लू कोण सांभाळणार? पिल्लू पुढे कामाला नापसंत ठरलं तर ते ठेवून घेण्याचा पहिला हक्क तुम्हाला आहे का? हा शेवटचा प्रश्न विचारायला संकोचू नका. निवडीत निम्म्याच्या आसपास कुत्री गळणं हे जगभरच्या संस्थांत नेहमीचं आहे. कारण तब्येतीचं असतं किंवा स्वभावाचं. त्यात तुमचा दोष असेलच असं नाही. कुत्र्याची मालकी मात्र शेवटपर्यंत संस्थेचीच, हे घरातल्या मुलांना पहिल्याच दिवशी सांगा.

घरात दिवसभर कोणीतरी हवं. दोन महिन्यांचं पिल्लू जागेपणी दर दोन तासांनी बाहेर न्यावं लागतं, आणि तीन तासांहून जास्त एकटं ठेवता येत नाही.

घर, खळं, गडगा

विहिरीचा कठडा गुडघ्याएवढाच असेल तर आधी जाळी बसवा. बेड्याच्या (आवाराच्या फाटकाच्या) खालच्या फटीतून पिल्लू निघून जातं आणि गावठी कुत्री आत येतात, तेव्हा ती फट बांबूने किंवा जाळीने बंद करा. गडग्याच्या, म्हणजे दगडी कुंपणाच्या, चिऱ्यांमध्ये फुरसं आणि घोणस राहतात. गडग्यालगत हातभर पट्टा गवत काढून मोकळा ठेवा आणि अंधार पडल्यावर पिल्लाला दोरीशिवाय बाहेर सोडू नका. टॉर्च तुमच्या हातात आणि दोरी आखूड. सर्पदंश झालाच तर आवळून बांधणं, चिरा देणं, चोखणं यातलं काही करू नका. पिल्लाला चालू न देता उचलून गाडीत घाला. प्रतिसर्पविष कोणत्या पशुवैद्याकडे असतं आणि रात्री कोण फोन उचलतं, हे पिल्लू येण्याआधीच विचारून भिंतीवर लिहून ठेवा. पावसात घाट बंद झाला तर कोल्हापूर उपयोगाचं नाही, म्हणून दोन नावं असू द्या, त्यातलं एक घाटाच्या अलीकडचं.

झोपायला पिंजरा घ्या. वाढलेल्या लॅब्राडोरला बेचाळीस इंच लांबीचा लागतो. तोच पहिल्यापासून घ्या आणि मध्ये फळी लावून पिल्लाला उभं राहून वळता येईल एवढीच जागा द्या. जास्त जागा दिली की ते एका कोपऱ्यात शू करून दुसऱ्या कोपऱ्यात झोपतं. खाऱ्या हवेत साधं लोखंड दोन पावसाळ्यांत झडतं, तेव्हा पावडर कोटिंगचा घ्या आणि तळाचा ट्रे आठवड्याला पुसा. अंथरायला जुनी सुती गोधडी चांगली. आषाढात काही वाळत नाही, म्हणून तीन ठेवा. काथ्याचा पायपोस नको. पिल्लू धागे उपसून गिळतं आणि ते आतड्यात अडकतात. दात येताना नारळाचं सोडण किंवा करवंटी चघळायला देण्याची पद्धत आहे, तीही त्याच कारणासाठी टाळा. रबराचं पोकळ खेळणं किंवा ओलं करून फ्रीजरमध्ये गोठवलेलं गाठीचं फडकं द्या.

खाणं

मोठ्या जातीच्या पिल्लांसाठीचं तयार खाणं संस्था ठरवून देते. ते वाटीने मोजू नका, वजनकाट्यावर ग्रॅममध्ये मोजा. चार महिन्यांपर्यंत दिवसातून तीन-चार वेळा, सहापर्यंत तीन वेळा, पुढे दोन वेळा. बरगड्या हाताला लागाव्यात पण डोळ्यांना दिसू नयेत, आणि वरून पाहिलं तर कंबर दिसावी. गुबगुबीत पिल्लू पाहून शेजारी कौतुक करतील, पण ते वजन पुढे खुब्यांवर येतं.

कॅल्शियमचं औषध वरून देऊ नका. तयार खाण्यात ते पुरेसं असतं. लहान पिल्लाच्या शरीराला जास्तीचं कॅल्शियम शोषणं थांबवता येत नाही, आणि मोठ्या जातींत त्यानेच हाडं वाकडी होतात. बक्षिसाचे दाणे रोजच्या वाट्यातूनच काढून खिशात ठेवा. सोडे किंवा सुक्या मासळीचे तुकडे बक्षीस म्हणून झकास चालतात, पण इथे ते कटाक्षाने टाळा. ज्या वासाकडे दुर्लक्ष करायला शिकवायचं, त्याच वासाचं बक्षीस देणं म्हणजे स्वतःच्या पायावर धोंडा. शिवाय त्यात मीठ फार.

खाण्याची वीस किलोची गोण स्वस्त पडते, पण पावसाळ्यात तिला बुरशी येते आणि त्या बुरशीचं विष यकृताला बाधतं. तीन किलोच्या पिशव्या आणा आणि घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ठेवा.

शी-शू

झोपून उठल्यावर, खाल्ल्यावर, खेळून झाल्यावर लगेच बाहेर. नेताना दोरी बांधूनच. ठरलेल्या जागी उभं राहायचं, पिल्लू बसलं की ठरलेला शब्द हळू आवाजात म्हणायचा आणि झाल्यावर एक दाणा द्यायचा. शब्द कोणता ते संस्था सांगेल. घरातल्या सगळ्यांनी तोच वापरायचा. आजीने ‘चल चल’, मुलाने ‘कर ना’ आणि बाबांनी ‘हं’ म्हटलं तर पिल्लाला काहीच कळत नाही.

कोकणातल्या घरांत नेहमी होणारी गडबड अशी: पिल्लू परड्यातल्या ओल्या मातीवरच शिकतं आणि शहरात गेल्यावर सिमेंटवर दिवसभर शू रोखून धरतं. म्हणून पहिल्या महिन्यापासून जागा बदला. माती, वाळू, चिरा, सिमेंट, डांबराची कड, सगळीकडे तोच शब्द. दुसरी गडबड पावसाची. मुसळधार सुरू झाला की पिल्लू पडवीतून पाय काढत नाही. लाकडाच्या खोपीत किंवा झापांच्या आडोशाला एक जागा करा, पहिल्या सरींपासूनच छत्री घेऊन न्या. पडवीचा कोपरा ‘एवढ्यापुरता’ वापरू दिलात तर तो कायमचा झाला म्हणून समजा. घरात झालंच तर रागावू नका. ओरडा खाल्लेलं पिल्लू माणसासमोर शू करायचं टाळतं, आणि मदतनीस कुत्र्याला तर मालकाच्या दोरीला बांधलेलं असतानाच ते करावं लागतं. सारवलेली जमीन असेल तर तेवढा भाग खरवडून पुन्हा सारवा. नुसतं पुसून वास जात नाही.

‘सोड’: मासळीची परीक्षा

रोज दोनदा, प्रत्येकी तीन ते पाच मिनिटं. भरल्या पोटी किंवा दमलेलं असताना नको.

१. मुठीत दाणा धरून मूठ पिल्लापुढे करा. ते चाटेल, पंजा मारेल. काही बोलू नका. नाक मागे घेतलं त्या क्षणी ‘यस’ म्हणा आणि दुसऱ्या हातातला दाणा द्या. मुठीतला दाणा कधीच द्यायचा नाही.

२. मूठ उघडी. पिल्लू पुढे आलं की मिटा, मागे सरलं की उघडा. उघड्या तळव्याकडे बघत ते पाच सेकंद थांबायला लागलं की त्या थांबण्याला ‘सोड’ हा शब्द जोडा. आधी जोडू नका, नाहीतर शब्दाचा अर्थ ‘आता चाट’ असा होतो.

३. दाणा जमिनीवर, तुमच्या पायाजवळ. पिल्लू झेपावलं की पाय दाण्यावर ठेवा.

४. आता खरा वास. भोकांच्या टोपलीखाली सुक्या बांगड्याचा तुकडा ठेवा, टोपलीवर दगड. दोरी सैल ठेवून तीन मीटरवरून चालत जा. पिल्लाने तिकडे पाहून पुन्हा तुमच्याकडे पाहिलं की बक्षीस. नीट जमलं की दोन मीटर, मग एक.

५. बाजार. सुरुवात बाजार उठल्यावरच्या वेळेला, वीस मीटर लांबून. मग हळूहळू गर्दीची वेळ. हर्णैचा संध्याकाळचा लिलाव किंवा रत्नागिरीची मिरकरवाडा जेट्टी ही दहा-अकरा महिन्यांनंतरची परीक्षा आहे. चार महिन्यांच्या पिल्लाला तिथे नेऊ नका.

लागोपाठ दोनदा चुकलं तर अंतर दुप्पट करा आणि मागच्या पायरीवर या. इथे दोन चुका फार होतात. पहिली म्हणजे दोरीला हिसका देऊन ओढणं. त्याने पिल्लू वास सोडत नाही, तुमच्या हिसक्याआधी उचलायला शिकतं. दुसरी म्हणजे जबडा उघडून माशाचं डोकं बाहेर काढणं. तसं दोन-तीनदा झालं की पुढच्या वेळी ते धावत जाऊन गिळून टाकतं. तोंडात काही गेलंच तर त्याहून चांगला तुकडा नाकापुढे धरून अदलाबदल करा. घरात अदलाबदलीचा सराव चमचा, चप्पल, चेंडू अशा निरुपद्रवी वस्तूंवर आधी झालेला हवा.

किनाऱ्यावर काही गोष्टींत चुकायला वावच नाही. रापण ओढल्यावर वाळूत फेकलेला केंड मासा मेलेला असला तरी विषारी असतो. त्याने लाळ गळते, मागचे पाय लुळे पडतात, श्वास थांबू शकतो आणि त्यावर उतारा नाही. खाल्ल्याची नुसती शंका आली तरी दवाखाना गाठा. शिंगाळ्याचा काटा टाळूत रुततो. गळाचे आकडे वाळूत पुरलेले असतात. आकडा घुसला तर तो उलटा ओढू नका, डॉक्टरकडेच काढा. आवारात वाळत घातलेल्या सुपारीने लाळ, उलट्या, जुलाब होतात. काजूच्या बीच्या टरफलातलं तेल तोंड भाजतं. आंब्याचा बाठा गिळला तर तो आतड्यात अडकून शस्त्रक्रियेपर्यंत जातं. गणपतीत वाटल्या जाणाऱ्या पंचखाद्यातले बेदाणे कुत्र्याच्या मूत्रपिंडाला घातक आहेत. शेतात उंदरांसाठी ठेवलेलं झिंक फॉस्फाइड हे विषही जीवघेणं. असं काही पोटात गेलं तर मनानेच मीठ-पाणी पाजून उलटी करवू नका, आधी डॉक्टरला फोन.

लसी, लेप्टो, गोचीड

एकत्रित लस सहा ते आठ आठवड्यांपासून दर तीन-चार आठवड्यांनी, सोळा आठवड्यांचं होईपर्यंत. रेबीजची लस तीन महिन्यांची झाल्यावर. लेप्टोस्पायरोसिसच्या लसीला कोकणात पर्याय नाही. भाताच्या खाचरात आणि डबक्यात उंदरांच्या मुतातून हे जंतू येतात, आणि कुत्र्याच्या मुतातून ते घरातल्या माणसांनाही होऊ शकतात. तीन-चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस, पुढे दर वर्षी एक. संस्थेशी तारीख ठरवताना पिल्लू मार्चच्या आसपास मागा, म्हणजे दुसरा डोस पावसाआधी उरकतो. जूनमध्ये आलंच तर डबक्यांपासून लांब ठेवा. लस घेतली तरी सगळ्या प्रकारच्या जंतूंपासून संरक्षण मिळत नाही. ताप, उलट्या, खाणं बंद, हिरड्या किंवा डोळे पिवळट, लघवी गडद, असं दिसलं की त्याच दिवशी दवाखाना, आणि लघवी साफ करताना हातमोजे.

गोचीड रोज शोधा: कानाच्या आत, बोटांच्या फटीत, पट्ट्याखाली, काखेत, शेपटीच्या मुळाशी. चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा. रॉकेल, चटका, तंबाखू यांनी गोचीड आणखी लाळ आत सोडतो. महिन्याची किंवा तीन महिन्यांची गोळी वजनाप्रमाणे डॉक्टर देतील. पिल्लाचं वजन झपाट्याने वाढतं, म्हणून मागच्या वेळचाच डोस परत आणू नका. पावसात कान आठवड्यातून एकदा साफ करा. आंबूस वास आला, पिल्लू कान खाजवू लागलं तर संसर्ग सुरू झाला असं समजा.

जगाची ओळख

तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्यात पिल्लू जे शांतपणे पाहतं ते त्याला आयुष्यभर नेहमीचं वाटतं. अडचण अशी की याच काळात लसी पुऱ्या झालेल्या नसतात, आणि पार्व्हो या पिल्लांच्या जीवघेण्या जुलाबाच्या रोगाचे विषाणू जमिनीत महिनोन् महिने टिकतात. तोडगा साधा आहे: न्या, पण खाली ठेवू नका. टोपलीत किंवा मांडीवर घेऊन चिपळूणच्या नाहीतर कुडाळच्या एसटी स्टँडबाहेर दहा मिनिटं बसा. रिक्षा, हॉर्न, वडापाववाल्याची कढई, गाठोडी घेतलेली माणसं, पाण्याची पिंपं, कुकरची शिट्टी, सगळं दुरून. दाणा देऊन बघत राहा. पिल्लाने दाणा नाकारला की अंतर कमी पडलं असं समजून मागे जा. जांभया, ओठ चाटणं, शेपूट आत घेणं या खुणा त्याच्याही आधी दिसतात.

लसी झाल्यावर पायाखालची जमीन बदला. जांभ्याची पाखाडी, साकव, गटारावरची लोखंडी जाळी, जेट्टीच्या फळ्या. दाभोळ–धोपावे किंवा जयगड–तवसाळ फेरीबोट तर आयती शाळा: उतरताना खणखणणारा लोखंडी रॅम्प, इंजिनाची थरथर, शेजारी ट्रक. पहिल्या खेपेला नुसतं काठावरून बघायचं, चढायचं नाही. सहा महिन्यांपर्यंत पायऱ्या मोजक्याच, आणि चालणं वयाच्या महिन्यामागे पाच मिनिटं एवढंच. हा ढोबळ हिशेब आहे, पण मऊ वाळूत पळणं त्याहून जड पडतं हे धरून चाला. समुद्रावर गोडं पाणी सोबत न्या. खारं पाणी प्यायलेलं पिल्लू घरी येऊन जुलाब करतं. एप्रिल-मेमध्ये सकाळी सातच्या आत, संध्याकाळी सूर्य कलल्यावर. रस्त्यावर हाताची पालथी बाजू सात सेकंद टेकवता आली नाही तर पिल्लाचे तळवेही भाजतील.

शिमग्याचे ढोल आणि गणपतीतल्या झांजा यांची तयारी महिनाभर आधी. जेवताना मोबाईलवर हळू आवाजात लावा, रोज थोडा वाढवा. पालखी दारात येईल तेव्हा पिल्लू मागच्या खोलीत, कोणाच्या तरी सोबत असू दे. फटाक्यांची सवय मात्र लावायला जाऊ नका. बागेत माकडं पळवायला लावलेला सुतळी बॉम्ब जवळ फुटला तर एका आवाजात पिल्लू बिघडू शकतं. सहा ते चौदा महिन्यांच्या मधे भीतीचा आणखी एक काळ येतो, तेव्हा कालपर्यंत चालणारं पिल्लू आज छत्रीला घाबरतं. ओढत नेऊ नका, वहीत लिहा, संस्थेला कळवा. ‘आपली बदनामी होईल’ म्हणून भीती लपवणारी घरं पुढे त्या कुत्र्याच्या मालकालाच धोक्यात घालतात.

कोंबड्यांमागे धावू देऊ नका, एकदाही. पळणारी कोंबडी हेच पिल्लाचं बक्षीस असतं, तुमच्या दाण्याची तिथे किंमत शून्य. तिथे सोबत दहा मीटरची लांब दोरी ठेवा.

घर भरलेलं असताना

मे महिन्यात आणि गणपतीत चाकरमानी येतात आणि वर्षाची शिस्त चार दिवसांत मोडते. पंगत जमिनीवर बसते, म्हणजे पानं पिल्लाच्या तोंडासमोर. तेव्हा पिल्लाला त्याच्या गोधडीवर, दोरी खांबाला बांधून, पंगतीपासून तीन मीटर लांब आडवं व्हायला लावा, आणि एका मोठ्या माणसाला फक्त तेवढंच काम द्या. ही सवय सणाच्या दिवशी लागत नाही. रोजच्या जेवणाला पाच मिनिटांपासून सुरू करून अर्ध्या तासापर्यंत न्या. मदतनीस कुत्र्याचं निम्मं आयुष्य असं गप्प पडून राहण्यात जातं, तेव्हा या सरावाला कंटाळू नका. पाहुण्यांना अगदी साधं सांगावं: ‘वहिनी, ह्याला हातचं काही देऊ नका, शिकतोय अजून.’ बिस्कीट घेऊन येणाऱ्या मुलांच्या हातात दाणे द्या आणि पिल्लू बसल्यावरच त्यांना ते देऊ द्या. सगळ्यांनाच नको म्हटलं की कोणीतरी चोरून देतंच.

दुकानात, बँकेत, शाळेत नेण्याआधी परवानगी मागा. शिकाऊ पिल्लाला घेऊन आत जाण्याचा कायदेशीर हक्क तुम्हाला नाही, आणि वाद घालून मिळवलेला प्रवेश पुढच्या खऱ्या कुत्र्याच्या वाटेत येतो. देवळात न्यायचा हट्ट नको. रेल्वेने न्यायचं तर फर्स्ट एसीचा अख्खा कूपे किंवा केबिन लागते, नाहीतर गार्डच्या डब्यातला पिंजरा. तो पिंजरा शिकाऊ पिल्लासाठी टाळाच. करबुड्यासारख्या साडेसहा किलोमीटरच्या बोगद्यात एकट्याने बसवणं हा जोखमीचा खेळ आहे. मोटारीने न्या आणि सीटवर बसवू नका. पायाशी आडवं पडून प्रवास करणं हीच त्याची पुढची जागा आहे.

परत देताना

मादी सहा ते बारा महिन्यांच्या दरम्यान माजावर आली तर तीन आठवडे तिला आवाराबाहेर नेऊ नका आणि त्याच दिवशी संस्थेला फोन करा. नसबंदी कधी, हे तेच ठरवतात.

शेवटच्या दोन महिन्यांत पिल्लाला दुसऱ्या हातांची सवय करा. आठवड्यातून एकदा शेजाऱ्याने चालवावं, दोन रात्री दुसऱ्या घरी झोपावं. गावातल्या पिल्लाने लिफ्ट पाहिलेली नसते, गुळगुळीत टाइल्सवर त्याचे पाय घसरतात. रत्नागिरीत किंवा मुंबईत कोणाच्या इमारतीत दोन दिवस काढा. सरकत्या जिन्यावर मात्र कधीच नेऊ नका, पंजा अडकतो. सोबत द्यायच्या पिशवीत लसीचं कार्ड, वजनाची व भीतीची वही, सध्याचं खाणं दहा दिवसांचं आणि एक न धुतलेली गोधडी असावी. केंद्रातलं खाणं वेगळं असेल तर आठवडाभरात हळूहळू बदलायला सांगा: पहिले दोन दिवस पाव हिस्सा नवं, मग निम्मं, मग पाऊण. सगळं एकदम बदललं तर जुलाब लागतात, आणि प्रशिक्षणाचा पहिला आठवडा दवाखान्यात जातो.